चाळीस मिलिसेकंद

उर्पो निवृत्त झाला तेव्हा त्याने मला कपाटाची किल्ली दिली नाही,
खुर्ची दिली तीही एका हाताने मोडकी.
दिल्या फक्त एकोणीस हजार ओळी,
फोन झोपतो कसा आणि जागा होतो कसा
एवढंच सांगणाऱ्या.

औलूत जानेवारीची तिन्हीसांज दुपारीच होते.
आम्ही सायकली बर्फात रोवून आत येतो,
ओले मोजे हीटरवर टाकतो
आणि कुणी कधी पाहणार नाही ते नीट करत बसतो.
आई विचारते, नव्या फोनमध्ये तुझं काय आहे गं?
मी म्हणते, काही दिसलंच
तर समज माझं चुकलं.

राहत्या घराची भिंत सरकवायची
आतल्यांची झोप न मोडता.
सातशे ओळींचं एक फंक्शन, जुन्या स्वेटरसारखं,
धागा ओढला की अख्खी बाही हातात.
‘तात्पुरतं_२’ नावाचं एक व्हेरिएबल,
अकरा वर्षं कायम नोकरीत.
मी उसवत गेले, टाके घालत गेले,
सातशेचे नव्वद केले
आणि तिथे, एका इंटरप्टच्या आडोशाला, ते सापडलं:

थांब, चाळीस मिलिसेकंद.
वर उर्पोची टिप्पणी.
‘काढू नका. कारण विचारा.’

विचारलं नाही.
घाई होती म्हणा,
किंवा विचारणारीला कमी कळतं असं वाटायचं ते वय म्हणा.
काढलं.
तीन हजार चाचण्या हिरव्या झाल्या, एकवीस अंशांच्या उबदार खोलीत.
अन्सेल्मीने शेरा मारला, छान.
वेलची घातलेला पाव आणि कॉफी झाली.

फेब्रुवारीत इनारीहून तक्रार आली.
एल्ले-मारेत, रेनडिअर पाळते.
फोन रात्री झोपतो तो पहाटे उठत नाही,
काखेत धरला की उठतो.
नवराही तसाच आहे, तिने लिहिलं होतं,
पण त्याची तक्रार कुठे करायची मला माहीत नाही.

उर्पो हाइलुओतोच्या वाटेवर, गोठलेल्या समुद्रात
वीतभर भोकापाशी उलट्या बादलीवर बसला होता.
फोन घरी ठेवून.
मी म्हटलं, कारण विचारायला आलेय.
तो बराच वेळ गळाकडे बघत राहिला.
मग म्हणाला, मला कुठे माहीत होतं?
पस्तीसला मेला, चाळीसला उठला.
म्हणून लिहिलं, विचारा.
म्हटलं कुणी तरी शोधेल,
मला येऊन सांगेल.

मी लॅपटॉप घोंगडीत गुंडाळला,
फोन त्याच्या माशांच्या डब्यात ठेवला, दोन पर्चच्या मध्ये.
उणे सव्वीस. बोटं माझी नव्हतीच.
पडद्यावर घड्याळाचा स्फटिक दिसला, म्हणजे त्याची रेघ.
गारठलेला, ठोका शोधत होता,
हुकत होता, पुन्हा धरत होता,
एकतीस, चौतीस,
सदतिसाव्याला सापडला.

तीन तू हातचे राखलेस, मी म्हटलं.
उर्पो हसला नाही. मान हलवली,
जसा मासा जोखून परत पाण्यात सोडावा तशी,
आणि थर्मासचं झाकण माझ्याकडे केलं.

आता तिथे चाळीस नाहीत.
आता फोन स्फटिकाला विचारतो, झालं का तुझं?
आणि तो हो म्हणेपर्यंत थांबतो,
फार तर ऐंशी.
नोंदीत मी उर्पोचं नाव घातलं, तापमान घातलं,
पर्चचं वजन अन्सेल्मीने काढायला लावलं.

एल्ले-मारेतचं उत्तर आलं: फोन उठला.
नवऱ्याबद्दल काही नव्हतं.

पुढच्या फाइलमध्ये, ओळ दोनशे सहा,
पुन्हा त्याचंच अक्षर असावं अशी एक टिप्पणी:
‘हे दोनदा का लिहावं लागतं कोण जाणे.’
मी तशीच ठेवली आहे.
तसंही बाहेर सध्या
उणे चारच आहे.